सुडासाठी पाळलेली व्हिपेट

१० नोव्हेंबर २००७, शनिवार. ऑफिस, चहाची वेळ.

या डायरीचं प्रयोजन एकच. सूड.

डायरी बँकेची आहे, फुकट मिळालेली. जानेवारीत तीन दिवस लिहिली होती, वजनाबद्दल. ती पानं स्टेपल करून टाकली. इतिहासात रमणारा माणूस नव्हे मी.

काल अल खर्जला भाऊसाहेबांकडे दिवाळीचा फराळ. भाऊसाहेब तिथल्या एका डेअरी फार्मवर रेफ्रिजरेशन सांभाळतात. मूळचे अकलूजचे. वीसहून जास्त वर्षं एकाच फार्मवर, एकाच क्वार्टरमध्ये आणि माझ्या अंदाजाने एकाच चपलेत. रियाधची आम्ही सगळी मराठी मंडळी सणाला त्यांच्याकडे जमतो, कारण त्यांच्याकडे अंगण आहे आणि आमच्याकडे पार्किंग.

विषय निघाला मुलांच्या नाटकाचा. बसवणार कोण? मी हात वर केला. भाऊसाहेब चकली मोडत शांतपणे म्हणाले, "द्या की गिरीशरावांना. सुरुवात त्यांच्याकडं द्या, शेवट दुसऱ्या कुणाकडं तरी."

सगळे हसले. विभावरी पण हसली. लग्नाची बायको. बशीतला लाडू घरंगळेपर्यंत हसली.

हा टोमणा मंडळाच्या वेबसाइटवरून होता, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. वेबसाइट मी दोन वर्षांपूर्वी सुरू केली. होमपेज उत्तम आहे. आतली पानं अंडर कन्स्ट्रक्शन आहेत, पण तिथे हेल्मेट घातलेला एक माणूस सतत फावडं मारत असतो. म्हणजे काम चालू आहे. अरबीचा क्लास मी सोडलेला नाही, मास्तरांची वेळ जुळली नाही. ट्रेडमिल रोजच्या वापरात आहे. इस्त्रीचे कपडे त्यावरच असतात.

निश्चय: भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने, "गिरीशराव, माझं चुकलं" म्हणायला हवं. तोवर स्वस्थ बसणार नाही.

११ नोव्हेंबर, रविवार.

सुडाचे पर्याय तपासले. निनावी ईमेल: मंडळाच्या साइटवरून पाठवता आली असती, पण 'संपर्क' हे पान व्हायचंय. त्यांच्याकडे जेवायला न जाणे: दर सणाला आमचाच उपास. त्यांच्या मुलाच्या मार्कांबद्दल विचारणे: तो आयआयटीत आहे.

पठ्ठ्याने कुठे फटच ठेवलेली नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार.

फट सापडली.

शेजारचा कॉलिन कायमचा इंग्लंडला चाललाय. त्याची कुत्री त्याला नेता येत नाही, तिथे आईच्या फ्लॅटमध्ये मांजरी आहेत. कुणी घ्याल का म्हणून आमच्या वसाहतीच्या कंपाउंडभर विचारत होता. मी घेतली. विभावरी म्हणाली, घेतलीस म्हणजे काय, मला विचारलंस? शिवांगी म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा," आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा मला मिठी मारली. वय वर्षं बारा. तिला वाटलं तिच्यासाठी घेतली. वाटू दे.

जात व्हिपेट. दिसायला हरणाचं पाडस आणि मिटलेली छत्री यांच्या मधलं काहीतरी. नाव मेबल. या देशात कुत्रं आणायचं तर ते शिकारीचं किंवा राखणीचं लागतं म्हणे, म्हणून तिच्या कागदावर 'हंटिंग डॉग' असा शिक्का आहे. कॉलिन म्हणाला, तिने आजवर फक्त त्याच्या मोज्यांची शिकार केली आहे. इंग्रज माणूस. त्याला हाताखालच्या लोकांची किंमत कधी कळली आहे?

आता मुद्दा. भाऊसाहेबांचा जीव कशात आहे? साबिरमध्ये. साबिर हा त्यांचा सलुकी, अरबांचा शिकारी कुत्रा. फार्मच्या मालकाचे वृद्ध काका अबू नासिर यांनी तो त्यांना दिलेला. साबिर म्हणजे धीराचा. साबिर सशामागे इतका पळाला की मागून येणारी लँड क्रूझर तापली, ही गोष्ट आम्ही दर सणाला ऐकतो. गाडी दर वर्षी जास्त तापते.

माझी कुत्री त्या साबिरला सगळ्यांसमोर धूळ चारणार.

१७ नोव्हेंबर, शनिवार.

ऑफिसच्या वेळात इंटरनेटवर सखोल अभ्यास. वजनाच्या मानाने व्हिपेटइतकं चपळ कुत्रं जगात नाही. उभ्या जागेवरून काही ढांगांत ताशी छप्पन किलोमीटर. इंग्लंडच्या खाणीतले मजूर शनिवार-रविवारी यांच्या जोरावर ससे मारायचे. 'गरिबाचा ग्रेहाउंड.' माझा ऊर भरून आला.

खाली 'स्टॅमिना' असं एक उपशीर्षक दिसलं. ते सावकाश वाचू. निर्णय झालेला आहे.

तिचं नाव बदलून 'चंडी' ठेवलं. शिवांगी म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट हर नेम." सुडाला मेबल हे नाव शोभत नाही हे मुलीला कसं समजावणार?

२३ नोव्हेंबर, शुक्रवार.

प्रशिक्षण सुरू. कंपाउंडच्या मागच्या रस्त्यावर शिवांगीच्या सायकलला दोरी, दोरीला माझा जुना मोजा. मी सायकलवर, मोजा मागे, चंडी मोज्यामागे.

मी पहिलं पायडल मारलं, दुसरं मारेपर्यंत मोजा तिच्या तोंडात होता. काय तो वेग. पाय जमिनीला लागतात की नाही हे दिसत नाही, पाठ नुसती धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. गेटवरचा हारून काठी टाकून बघत राहिला. म्हणाला, "सर, ये तो गोली है."

दुसऱ्या फेरीला ती बसली. तिसऱ्या फेरीला आडवी झाली. चौथ्या फेरीला मी एकट्यानेच सायकल चालवली.

निरीक्षण: ऊर्जा राखून ठेवण्याची समज उपजत आहे.

३० नोव्हेंबर, शुक्रवार.

चंडी म्हणून हाक मारली तर भिंतीकडे बघते. मेबल म्हटलं की येते. सध्या शिस्तीखातर मनात चंडी आणि तोंडाने मेबल.

आहार: उकडलेलं मटण, अर्धं अंडं, पोळीचा तुपाचा कोपरा. पोळीचा कोपरा प्रशिक्षणात बसत नाही, पण ती मान तिरपी करते.

६ डिसेंबर, गुरुवार.

शत्रूला आव्हान दिलं. फोन केला आणि प्रस्तावना न करता म्हणालो, भाऊसाहेब, माझी कुत्री तुमच्या साबिरला हरवेल.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, बसला घाव. मग म्हणाले, "अरे वा. कुत्री पाळली का? आणा की. संक्रांतीच्या शुक्रवारी या सगळे. अबू नासिरना पण सांगतो, ते कुणी नवं जनावर आणलं की खूश असतात. पोरांना मजा येईल. येताना काही आणू नका, गुळाच्या पोळ्या हिच्या हातच्या."

मी आव्हान देतोय आणि हा माणूस मेन्यू सांगतोय. कसलेला शत्रू आहे.

१९ डिसेंबर, बुधवार. ईदची सुट्टी.

विजयानंतरचं भाषण लिहायला घेतलं. पहिला परिच्छेद अप्रतिम उतरलाय. "मित्रहो, काही माणसांना वाटतं की सुरुवात करणं सोपं असतं." इथे थांबून भाऊसाहेबांकडे बघायचं. शेवट नंतर सुचेल.

प्रशिक्षण ईदनंतर.

३ जानेवारी २००८, गुरुवार.

नवी डायरी. बँकेचीच.

थंडी विलक्षण. चंडीच्या अंगावर चरबी नाही, केस नावाला. दिवसभर थरथरते. विभावरीने शिवांगीचा जुना स्वेटर कापून तिला शिवला. गुलाबी, छातीवर बदक. मी कडक आक्षेप घेतला. युद्धावर जाणाऱ्या जनावराच्या छातीवर बदक? विभावरी म्हणाली, मग तुझा मफलर दे. दिला. आता बदकावर मफलर.

ती आमच्या पलंगावर झोपते. पांघरुणाच्या आत, माझ्या पोटाशी. स्नायू उबदार राहणं महत्त्वाचं आहे. मी कूस बदलत नाही, तिची झोप मोडते आणि शर्यतीवर परिणाम होईल.

हे भाऊसाहेबांना कळता कामा नये.

१२ जानेवारी, शनिवार.

प्रशिक्षण थंडीमुळे स्थगित.

१४ जानेवारी, सोमवार.

ऑफिसातून घरी आलो की दाराशी उभी असते. आख्खं अंग हलवते, शेपूट हे निमित्त. कार्ड डिपार्टमेंटमध्ये पंधरा वर्षं काढली, मला बघून इतका आनंद कुणाला झालेला नाही. अर्थात हे पूर्णपणे कामाचं नातं आहे. तिचा डावा कान चोळला की डोळे मिटते. तो मी दोन्ही वेळा चोळतो. रक्ताभिसरण.

विभावरी म्हणाली, गिरीश, माझं एक ऐकशील? राहू दे ना ती शर्यत. हरली तर तुला वाईट वाटेल. मी म्हटलं, तू कुणाच्या बाजूची आहेस? ती म्हणाली, कुत्रीच्या.

१८ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी निघालो. अल खर्जच्या रस्त्यावर चेकपोस्ट. पोलिसाने इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना मागितला, मग मागे बघितलं. मागच्या सीटवर शिवांगीशेजारी चंडी, बदक, मफलर. मी भारदस्तपणे 'सैद' म्हणालो, म्हणजे शिकार. पोलिसाने तिच्याकडे बघितलं, बदकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फार सहानुभूतीने "यल्ला", म्हणजे चला, म्हणाला.

फार्मच्या कडेला, जिथे लसूणघासाचं ते प्रचंड हिरवं वर्तुळ संपतं आणि खडकाळ माळ सुरू होतो, तिथे गालिचा अंथरलेला. हिवाळ्यात ससे घास खायला माळावरून येतात. गालिच्यावर अबू नासिर, मेंढीच्या लोकरीचं अस्तर असलेला लांब फरवा पांघरून, हातात गवा, म्हणजे अरबी कॉफी. दाढी मेंदीची. चेहरा असा की हसण्याचं खातं कधी उघडलेलंच नाही. शेजारी साबिर बसलेला. मला नवल वाटलं, कुत्रं गालिच्यावर? भाऊसाहेब म्हणाले, "कुत्रं म्हणू नका त्यांच्यासमोर. सलुकी म्हणजे कुत्रं नव्हं त्यांच्यात. तो खानदानी. तंबूत बसतो. बाकीची बाहेर."

चंडीला मी बाहेरच धरून उभा राहिलो. एक अपमान वहीत जमा केला.

तिळगूळ झाला. भाऊसाहेबांनी मला मिठी मारली, गोड बोला म्हणाले. मी गोड बोललो. दात दिसतील इतपतच.

मग घासातून ससा उठला.

मी पट्टा सोडला. स्वेटर काढायचा राहिला. पण काय सांगू. गोळी नव्हे, गोळीला मध्ये हवा लागते. साबिर उठून अंग ताणेपर्यंत ही अर्ध्या वाटेवर. बायका उभ्या राहिल्या, पोरं किंचाळली, भाऊसाहेबांच्या हातातली गुळाची पोळी तशीच राहिली. ससा वळला, ही वळली. पुन्हा वळला, पुन्हा वळली, मागे मफलर सुटून उडतोय. तिच्या तोंडात सशाच्या शेपटीचे केस आले, मी शपथेवर सांगतो. साबिर कितीतरी मागे.

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. आयुष्यात इतकं सुख मी फार वेळा भोगलेलं नाही.

मग ससा सरळ माळाला लागला. लांबच लांब, सपाट माळ. चंडी थोडी त्याच्या मागे गेली आणि थांबली. आपण एकदा बघितलं, आता तुम्ही बघा, अशा चेहऱ्याने. तिच्या शेजारून साबिर गेला. घाईत नव्हता. पोस्टमन पुढच्या गल्लीत जातो तसा गेला. लहान होत होत ठिपका झाला, मग तोही दिसेना. लँड क्रूझर त्याच्या मागे गेली.

चंडी दुडक्या चालीने परत आली. धापा टाकत. माझ्याकडे न येता थेट गालिच्यावर गेली.

खानदानी सोडून कुणी तिथे पाय ठेवत नाही. ती अबू नासिरच्या फरव्याचं टोक नाकाने उचलून आत शिरली, आणि फक्त शेपूट बाहेर राहिली.

म्हातारा हसला. आधी दाढी हलली, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. फरवा तिच्यावर नीट ओढून घेतला. काहीतरी म्हणाले. भाऊसाहेबांनी अर्थ सांगितला, "म्हणतायत, सलुकी मांस आणतो, ही बातमी आणते."

साबिर ससा घेऊन परत आला तेव्हा त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळे फरव्याभोवती. म्हणजे जिंकलं कोण? हीच वेळ, म्हणून मी भाषणाला उभा राहिलो. पहिला परिच्छेद खणखणीत म्हटला, भाऊसाहेबांकडे बघण्याच्या जागी भाऊसाहेबांकडे बघितलं. ते मान डोलावत होते, मनापासून. आणि पुढचं लिहिलेलं नव्हतं.

सगळे वाट बघत होते. अबू नासिरचा हात तिच्या पाठीवर होता. मला एकदम वाटलं, या भाऊसाहेबाने इतक्या वर्षांत या म्हाताऱ्याला चिवड्याच्या डब्यापलीकडे काय दिलंय? साबिर उलट घेतलाय. मी एका वाक्यात याला आयुष्यभरासाठी खाली बसवतो. अरबीच्या क्लासमध्ये चौथ्या धड्यात आदरातिथ्य होतं. छातीवर हात ठेवून मी म्हणालो, घ्या, आपलीच आहे.

आता हे बोलायचं असतं. समोरच्याने नको नको म्हणायचं असतं. आपल्याकडे 'आपलंच घर समजा' म्हटलं तर कुणी सातबारा मागत नाही. त्यांच्याकडेही बहुतेक तसंच असावं, पाचव्या धड्यात असेल.

अबू नासिर उठून उभे राहिले. माझा खांदा धरला, कपाळाला कपाळ टेकवलं, देवाचं नाव घेतलं. घेतली.

भाऊसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "गिरीशराव, काय केलंत हे? ताट, घड्याळ, गाडी, काहीपण घ्या म्हटलं तर ते नको म्हणतात. पण शिकारीचं जनावर इथं कुणी विकत नाही. दुसऱ्याला देतात. दिलं म्हणजे दिलं."

मी म्हणालो, माहीत आहे मला. विचार करूनच दिली.

परतीच्या वाटेवर शिवांगी खिडकीकडे तोंड करून बसली. विभावरी एकदाच म्हणाली, भाऊसाहेबांना दाखवायचं होतं ना, बघितलं त्यांनी.

नैतिक विजय माझा आहे. हे इथे नोंदवून ठेवतो.

२० जानेवारी, रविवार.

सकाळी गेटवरून हारूनचा फोन. "सर, आपके नाम का बकरा आया है."

बकरा नव्हे, मेंढा. अबू नासिरकडून परतभेट. जिवंत, शिंगांना रिबन. कंपाउंडच्या नियमात कुत्र्यांचं कलम आहे, मेंढ्यांचं नाही, त्यामुळे मॅनेजरही गोंधळला. शेवटी खाटकाकडे पाठवला, मटण कंपाउंडभर वाटलं. आमच्या वाट्याचं विभावरीने शिजवायला नकार दिला. शिवांगीने यापुढे मटण खाणार नाही असं इंग्रजीत जाहीर केलं. मी स्वतः रस्सा केला आणि एकट्याने खाल्ला.

मीठ राहिलं होतं.

२४ जानेवारी, गुरुवार.

झोप नाही. पलंग मोठा झालाय. कूस हवी तशी बदलता येते, त्याचा काही विशेष उपयोग नाही.

या सगळ्याला भाऊसाहेब जबाबदार आहेत. दिवाळीत ते बोलले नसते तर मी कुत्री घेतली नसती, घेतली नसती तर दिली नसती. सूड आता दुप्पट.

२७ जानेवारी, रविवार.

भाऊसाहेबांचा फोन. अबू नासिर कामासाठी रियाधला असतात, म्हणून ती भाऊसाहेबांकडेच ठेवली आहे. शत्रूच्या घरात. म्हणाले, "गिरीशराव, खात नाही हो ही. आधी थोडं खायची, आता दोन दिवस झाले. साबिरचं ताट पण पुढं ठेवलं. तिला काय लागतंय?"

संधी स्वतः चालून आली होती. काहीही सांगायचं नाही, असं ठरवलं. बघ म्हणावं आता.

मग सांगितलं. अंडं अर्धंच, पिवळा भाग आधी. पोळीचा कोपरा तुपाचा, पण तूप गरम नको. ती मान तिरपी करेल तेव्हा लगेच द्यायचा नाही, क्षणभर थांबायचं, तिला ते आवडतं. उघड्यावर झोपवायची नाही. पांघरुणाच्या आत, पोटाशी. डावा कान. उजवा नाही, डावा. रिसीव्हर ठेवला तेव्हा विभावरी दारात उभी होती. मी म्हटलं, नाकात काहीतरी गेलंय, वाळूचे दिवस आहेत.

२ फेब्रुवारी, शनिवार.

भाऊसाहेबांचा पुन्हा फोन. खायला लागली. मग म्हणाले, "मी अबू नासिरशी बोललोय. ते म्हणतात, पोरीचा जीव असेल तर न्या की. फक्त गिरीशनी स्वतः येऊन तोंडानं मागायचं. दिलेलं परत मागायलापण हिंमत लागते म्हणाले."

मागू? मी? भाऊसाहेबांच्या अंगणात, त्यांच्या देखत? त्यापेक्षा आयुष्यभर बिनमिठाचा रस्सा खाईन.

९ फेब्रुवारी, शनिवार.

शिवांगी जेवताना हिंदीत म्हणाली, "आपको मांगने में शरम आती है, देने में नहीं आई?"

इंग्लिश मीडियमला घालून चूक केली. मुलं प्रश्न विचारायला शिकतात.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार.

नवी योजना. जाऊन मागायचं, पण असं मागायचं की भाऊसाहेबांना वाटलं पाहिजे, आपण देतोय म्हणून हा उपकार करून नेतोय. शिवाय दिवाळीचा हिशेबही त्याच बैठकीत पुरा करायचा. वाक्यं तयार केली. या वेळी शेवटासकट.

आज जाणार होतो. टायरमध्ये हवा कमी वाटली.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार.

गेलो.

विभावरी आणि शिवांगी गाडीतच बसल्या. शिवांगीच्या मांडीवर घडी केलेलं पांघरूण आणि ब्रश. विभावरी म्हणाली, गिरीश, बोल आणि घेऊन ये. भाषण नको.

हिरव्या वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला दोन ठिपके होते. त्यातल्या एकाने गाडी ओळखली. घासाच्या कडेने ती जी सुटली. मी ट्रेनिंग दिलं तेव्हा अशी कधी पळाली नव्हती. येऊन माझ्या बुटांवर कोसळली. नाकावर ओरखडा, मांड्या भरलेल्या, पोट आत. अंगावर बदक नव्हतं.

गालिच्यावर अबू नासिर आणि भाऊसाहेब; साबिरही मागून येऊन बसला. मला मध्ये बसवलं. ती माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. भाऊसाहेब गवा ओतत सांगत होते. म्हणे रोज सकाळी साबिरबरोबर जाते. ससा उठला की हीच आधी सुटते, माळाला लागूच देत नाही, वळवून आत आणते. ती दमून बसेतोवर ससा पण दमलेला असतो, मग साबिर जाऊन धरतो. "आजवर साबिरला कोसभर पळावं लागायचं, आता म्हातारपणी त्याचा जीव वाचला. अबू नासिर लांबलांबच्या लोकांना बोलावून दाखवतायत. ही येण्याआधी असं जोडीनं काम केलेलं आम्ही कुणी बघितलं नव्हतं."

पायाला मुंग्या आल्या. हलवला नाही.

आधी दिवाळीचा हिशेब काढला. भाऊसाहेब, दिवाळीत तुम्ही माझ्याबद्दल सगळ्यांसमोर काय म्हणालात, आठवतं?

ते बराच वेळ आठवत राहिले. खरोखर आठवत राहिले, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "दिवाळीत? मी म्हणालो होतो चकली कडक झाली. ही अजून बोलत नाही माझ्याशी. तुमच्याबद्दल काय म्हणालो? वाईट बोललो असेन तर माफी करा हो, गिरीशराव. माझं चुकलं."

म्हणाले. स्वतःच्या तोंडाने. जसंच्या तसं वाक्य. ऐकायला तिथे अरबी बोलणारा एक म्हातारा आणि झोपलेली कुत्री.

तेवढ्यात साबिर उठला. त्याच्या संध्याकाळच्या फेरीची वेळ. अंग ताणलं आणि माळाकडे बघून उभा राहिला. तिचे कान उभे झाले. माझ्याकडे बघितलं. मी डावा कान चोळला. डोळे मिटले नाहीत, त्याच्याकडेच बघत होती. मग उठली आणि गेली. पळत नाही, साध्या चालीने, त्याच्या खांद्याला खांदा लावून.

अबू नासिर माझ्याकडे बघत होते. हातातल्या जपमाळेचे मणी थांबवून, वाट बघत. एक वाक्य होतं. पाठ होतं.

मी म्हणालो, थंडी आता कमी झाली.

भाऊसाहेबांनी त्याचं अरबीत भाषांतर केलं. अबू नासिर म्हणाले, हो, देवाची कृपा, कमी झाली. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

गाडीत येऊन बसलो. शिवांगीने विचारलं, "व्हेअर इज शी?"

मी म्हटलं, कामावर आहे.

विभावरीने गाडी चालवायला मला दोनदा सांगितलं. या देशात बायकांनी चालवायची नाही हे तिलाही माहीत आहे, तरी दुसऱ्यांदा म्हणताना तिने आपला हात गिअरवर ठेवला. गाडी लगेच सुरू केली नाही; पाय बधिर होता, एवढंच कारण.

२३ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.

गाडी धुवायला येणारा बिहारी पोरगा आला होता. म्हणाला, साब, पीछे की सीट पर बहुत बाल है, आज अंदर भी वैक्यूम मार दूँ?

मी म्हटलं, आज राहू दे. बाहेरूनच धू. घाईत आहे.

ऑफिसला निघायला अजून तास होता.